मौद्रिक अर्थशास्त्राचा अभ्यास : आधी ताळेबंद, मग आलेख

"मध्यवर्ती बँकेने बाजारातून १०० चे रोखे विकत घेतले, तर व्यापारी बँकांमधल्या ठेवी वाढतील का?" नव्या वर्गाला पहिल्याच तासाला मी हा प्रश्न विचारतो. काही हात 'हो'साठी वर होतात, काही 'नाही'साठी. "रोखे कोणाकडून घेतले ते आधी सांगा," असं उलट विचारणारा क्वचित एखादा निघतो, आणि तोच बरोबर असतो.

बाकीची मुलंही हुशारच असतात, त्यांचा अभ्यासाचा क्रम तेवढा चुकलेला असतो. सुरुवात आलेखांपासून होते, ताळेबंद 'तो अकाउंटन्सीचा भाग' म्हणून बाजूला पडतो आणि परीक्षेत रेषा डावीकडे सरकवायची की उजवीकडे हे आठवणीच्या भरवशावर ठरतं. खालचा क्रम पदवीच्या शेवटच्या वर्षात किंवा पदव्युत्तरच्या पहिल्या सत्रात हा विषय घेतलेल्यांसाठी आहे. पायऱ्या मागेपुढे करू नका. विशेषतः पाचव्या पायरीवर थेट उडी मारण्याचा मोह होतो, तो टाळा.

## तयारी : पुस्तक उघडण्याआधी

गणित. लागतं ते फार नाही, पण जेवढं लागतं तेवढं हाताखालचं हवं: लॉगरिदम आणि वाढीचे दर, साधं कलन, अपेक्षित मूल्य आणि पहिल्या क्रमाची फरक-समीकरणं. स्वतःला दोन प्रश्न विचारा. किंमत निर्देशांक दरमहा ०.४ टक्क्याने वाढत राहिला तर वर्षात किती वाढेल? (४.८ हे उत्तर घाईचं आहे. चक्रवाढीने सुमारे ४.९ येतं.) व्याजदर ४ वरून ५ टक्के झाला तर किती वाढला? एका टक्केबिंदूने, म्हणजे १०० बेसिस पॉइंटने. 'एक टक्क्याने वाढला' असं लिहिलंत तर काटेकोर अर्थाने तो ४.०४ झाला. दोन्ही उत्तरं न अडखळता आली नाहीत तर आठवडाभर गणितच करा.

शब्दांची वही. हे कोणी सांगत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. मराठीत आपण 'पैसा' हा शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. 'त्यांच्याकडे चिक्कार पैसा आहे' म्हणजे संपत्ती. 'ती चांगला पैसा कमावते' म्हणजे उत्पन्न. 'आत्ता जवळ पैसे नाहीत' म्हणजे हाताशी असलेलं देवघेवीचं साधन. या विषयात पैसा म्हणजे फक्त तिसरा. पैशाची मागणी याचा अर्थ श्रीमंत व्हायची इच्छा असा होत नाही. आहे त्या संपत्तीपैकी किती भाग रोख आणि ठेवींच्या रूपात ठेवायचा, एवढाच तो प्रश्न आहे.

दुसरा शब्द 'चलनवाढ'. किमतींच्या सर्वसाधारण पातळीत सतत होणारी वाढ, असा त्याचा शास्त्रीय अर्थ. पण शब्दातच 'चलन वाढलं' हे कारण दडलेलं आहे. जे सिद्ध करायचं ते नावातच गृहीत धरलं जातं, आणि मग 'चलन वाढलं म्हणून चलनवाढ झाली' हे वाक्य विद्यार्थ्याला उत्तर वाटू लागतं. निदान पहिल्या सत्रात तरी वहीत 'भाववाढ' लिहा.

तिसरा 'गुंतवणूक'. रोजच्या बोलण्यात रोखे घेणं ही गुंतवणूक. समष्टी अर्थशास्त्रात यंत्रं, इमारती, मालसाठा यांत पडलेली नवी भर म्हणजे गुंतवणूक. रोखे घेतल्याने मालकी बदलते, एवढंच.

साहित्य. आडवे कोरे कागद, पेन्सिल आणि एक स्प्रेडशीट. पाठ्यपुस्तक एकच निवडा आणि ते संपेपर्यंत दुसऱ्याला हात लावू नका. चिन्हं पुस्तकागणिक बदलतात आणि त्यात निष्कारण वेळ जातो.

## पायरी १ : चार ताळेबंद एका कागदावर

आडव्या कागदावर चार चौकटी आखा: मध्यवर्ती बँक, व्यापारी बँका, जनता (घरं, कंपन्या, पेन्शन फंड सगळे इथे) आणि सरकार. प्रत्येक चौकटीत डावीकडे मालमत्ता, उजवीकडे देणी. नियम दोनच. प्रत्येक चौकट व्यवहारानंतरही जुळली पाहिजे. आणि एकाची वित्तीय मालमत्ता दुसऱ्या कोणाचं तरी देणं असलीच पाहिजे. (नोट जनतेची मालमत्ता आहे, तशी ती मध्यवर्ती बँकेचं देणं आहे.)

आता एकेक व्यवहार करून बघा. बँक एका ग्राहकाला १०० कर्ज देते. बँकेच्या डावीकडे कर्ज १००, उजवीकडे ग्राहकाच्या खात्यात ठेव १००. जनतेच्या डावीकडे ठेव १००, उजवीकडे कर्ज १००. मध्यवर्ती बँकेच्या चौकटीत काहीच लिहावं लागलं नाही. कोणा ठेवीदाराचे पैसे उचलून इकडे आणावे लागले नाहीत. कर्ज देताना ठेव जन्मली, आणि कर्ज फिटलं की तेवढीच ठेव पुसली जाईल. बँक ऑफ इंग्लंडने २०१४ साली आपल्या त्रैमासिकात नेमका हाच हिशेब मांडला होता.

दुसरा व्यवहार. त्या ग्राहकाने हे १०० दुसऱ्या बँकेत खातं असलेल्या विक्रेत्याला दिले. पहिल्या बँकेची ठेव १०० ने घटली, दुसरीची वाढली. दोन बँकांमधली बाकी मध्यवर्ती बँकेतल्या त्यांच्या खात्यांवर मिटते: पहिलीचा राखीव निधी १०० ने कमी, दुसरीचा १०० ने जास्त. एकूण राखीव निधी होता तेवढाच राहिला. एकटी बँक राखीव निधी गमावू शकते. सगळ्या बँका मिळून तो खर्च करू शकत नाहीत. हे वाक्य पाठ करू नका, कागदावर तीनदा करून बघा.

आता सुरुवातीचा प्रश्न. मध्यवर्ती बँकेने १०० चे रोखे व्यापारी बँकेकडून घेतले: बँकेचे रोखे गेले, राखीव निधी आला, ठेवी तशाच. तेच रोखे पेन्शन फंडाकडून घेतले: फंडाचे रोखे गेले, त्याच्या बँकखात्यात ठेव आली, बँकेच्या उजवीकडे ठेव १०० ने वाढली, डावीकडे राखीव निधी १०० ने वाढला. एकाच बातमीचे दोन ताळेबंद, दोन उत्तरं.

> सावधान. 'बँकांकडे राखीव निधी पडून आहे, तो त्या लोकांना कर्जाऊ देत नाहीत' हे वाक्य उत्तरात आलं की परीक्षकाला कळतं की पहिली पायरी गाळली आहे. राखीव निधी फक्त मध्यवर्ती बँकेत खातं असणाऱ्यांमध्ये फिरतो. तुमच्याआमच्या खात्यात तो येऊच शकत नाही.

मग पतनिर्मितीच्या गुणकाचं (राखीव निधी भागिले रोख राखीव प्रमाण म्हणजे एकूण ठेवी, असं सांगणाऱ्या सूत्राचं) काय? अभ्यासक्रमात आहे, परीक्षेत येतो, म्हणून करा. पण त्याला यंत्रणेचं वर्णन समजू नका. अमेरिकेने २६ मार्च २०२० पासून रोख राखीव प्रमाण (ठेवींचा जो किमान हिस्सा बँकांना राखीव ठेवावा लागतो तो) शून्य केलं. कॅनडा आणि ब्रिटनमध्ये ते त्याआधीपासूनच नाही. सोप्या सूत्रात छेदात शून्य घातलं तर ठेवी अनंत व्हायला हव्यात. तशा झाल्या नाहीत, कारण कर्जवाटपाला आवर घालणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत: बँकेचं भांडवल, फेडू शकेल असा कर्जदार, व्याजदर, नियामकाचे नियम. उलट बाजूही पाहा. २००८ नंतर अमेरिकेचा मौद्रिक पाया (चलनातल्या नोटा-नाणी अधिक बँकांचा राखीव निधी) काही वर्षांत चौपटीहून जास्त झाला, ठेवी काही त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. परीक्षेत गुणकाचं सूत्र लिहा, उदाहरण सोडवा आणि शेवटी या मर्यादेवर चार ओळी लिहा.

तपासणी. एका नागरिकाने बँकखात्यातून सरकारला १०० कर भरला. सरकारचं खातं मध्यवर्ती बँकेत आहे. पुस्तक न उघडता चारही चौकटी भरा. ठेवी १०० ने घटल्या, बँकांचा राखीव निधी १०० ने घटला आणि मध्यवर्ती बँकेच्या उजव्या बाजूला सरकारची ठेव १०० ने वाढली, असं आलं तर पुढे जा. नाही आलं तर इथेच थांबा. या पायरीला दोन आठवडे लागले तरी चालतील.

## पायरी २ : व्याजदर म्हणजे कोणता व्याजदर?

'व्याजदर वाढला' असं कोणी म्हटलं की लगेच विचारा: कोणता? धोरणदर (मध्यवर्ती बँक जाहीर करते तो), बँकांमधला एका रात्रीचा दर, राखीव निधीवर मिळणारं व्याज, दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचं यील्ड (आजच्या किमतीला घेतल्यास मिळणारा परतावा), घरकर्जाचा दर ही पाच वेगळी माणसं आहेत. बरेचदा एकत्र चालतात, नेहमी नाही.

रोख्याची किंमत आणि यील्ड उलट दिशेने का जातात, हे घोकण्याऐवजी एकदा आकड्यात पाहा. दरवर्षी ५ देणारा, कधीच न संपणारा रोखा घ्या. बाजारातला दर ५ टक्के असेल तर त्याची किंमत १००. दर ४ टक्क्यांवर आला तर किंमत १२५, कारण ५ भागिले ०.०४. रोखा तोच, मिळणारे ५ तेच, फक्त दर बदलला. 'मध्यवर्ती बँक रोखे घेते, किमती चढतात, यील्ड उतरतं' ही साखळी आता पाठ करावी लागत नाही.

नंतर वास्तव व्याजदर. 'नाममात्र दर वजा भाववाढ' हे सूत्र कामचलाऊ आहे. १२ टक्के दर आणि १० टक्के भाववाढ असेल तर वजाबाकी २ सांगते, अचूक उत्तर १.८२, फारसं बिघडत नाही. पण ६० टक्के दर आणि ५० टक्के भाववाढ असेल तर वजाबाकी १० सांगते आणि अचूक उत्तर येतं ६.६७. भाववाढ मोठी असेल तिथे वजाबाकी सोडा, भागाकार करा.

> सावधान. कर्ज घेणारा आज निर्णय घेतो तो पुढच्या वर्षीच्या *अपेक्षित* भाववाढीवर. गेल्या वर्षीची भाववाढ वजा करून काढलेला दर हा झालेल्या गोष्टीचा हिशेब आहे. निबंधात हे दोन दर मिसळले की युक्तिवाद कोसळतो.

मुदतीच्या रचनेसाठी, म्हणजे वेगवेगळ्या मुदतींच्या दरांचं आपसातलं नातं समजायला, एवढं बस: दोन वर्षांचा दर हा ढोबळपणे आजचा एक वर्षाचा दर आणि पुढच्या वर्षीचा अपेक्षित एक वर्षाचा दर यांची सरासरी, वर थोडा मुदतीचा अधिभार. आज ४, पुढच्या वर्षी २ अपेक्षित, तर दोन वर्षांचा सुमारे ३. म्हणून मध्यवर्ती बँक आज काय करते याइतकंच ती उद्या काय करेल असं बाजाराला वाटतं, याला वजन असतं.

## पायरी ३ : संख्यामान सिद्धांत आणि पैशाची मागणी

इथे रेंगाळू नका. पैशाचा पुरवठा गुणिले भ्रमणवेग (एक रुपया वर्षात सरासरी किती वेळा खर्च होतो) बरोबर किंमतपातळी गुणिले उत्पादन, हे विधान नेहमीच खरं असतं, कारण भ्रमणवेगाची व्याख्याच त्यातून येते. सिद्धांत तेव्हा होतो जेव्हा तुम्ही म्हणता की भ्रमणवेग स्थिर आहे किंवा त्याचा अंदाज बांधता येतो. अमेरिकेत एम-टूचा (रोख, बँकखाती आणि छोट्या मुदत ठेवी मिळून मोजलेल्या पैशाचा) भ्रमणवेग १९९७ च्या सुमारास २ च्या वर होता, २०२० मध्ये तो १.२ च्या खाली गेला. त्यामुळे उत्तरात 'संख्यामान सिद्धांतानुसार' लिहिताच पुढच्या वाक्यात भ्रमणवेगाबद्दलचं गृहीतक लिहा.

पैशाच्या मागणीत बॉमॉल आणि टोबिन यांचं वर्गमुळाचं सूत्र एकदा स्वतः काढून बघा. उत्पन्न चौपट झालं, बाकी सगळं तेच राहिलं, तर रोखीची मागणी दुप्पट होते. हे का, हे आलेखाशिवाय सांगता आलं की झालं.

## पायरी ४ : धोरणदर प्रत्यक्षात बदलतो कसा?

जुन्या पुस्तकांतला आलेख असा: राखीव निधीची मागणी खाली उतरणारी रेषा, पुरवठा उभी रेषा, मध्यवर्ती बँक रोखे विकते, उभी रेषा डावीकडे जाते, दर चढतो. राखीव निधी दुर्मीळ असतो तेव्हा हे बरोबर आहे. तो मुबलक असतो तेव्हा मागणीची रेषा आडवी झालेली असते. उभी रेषा थोडी डावीकडे सरकवली तरी दर हलत नाही.

मग दर कसा वाढवतात? अमेरिकेचं डिसेंबर २०१५ चं उदाहरण घ्या. फेडरल रिझर्व्हने (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने) नऊ वर्षांहून अधिक काळाने पहिल्यांदा लक्ष्यदर वाढवला आणि त्यासाठी आपल्या ताळेबंदातले रोखे विकले नाहीत. राखीव निधीवर देत असलेलं व्याज ०.२५ वरून ०.५० टक्के केलं. मध्यवर्ती बँकेत ठेवून ०.५० मिळत असताना बँक त्याहून स्वस्तात दुसऱ्याला कशाला देईल? आणि ज्या संस्थांना हे व्याज मिळत नाही त्यांच्यासाठी रिव्हर्स रेपोचा (रोख्यांच्या तारणावर त्यांच्याकडून एका रात्रीसाठी पैसे घेऊन त्यावर व्याज देण्याचा) वेगळा तळ ठेवला.

दोन आलेख शेजारी शेजारी काढा. एक 'कॉरिडॉर': वर कर्जसुविधेचा दर, खाली ठेवसुविधेचा दर, मध्ये बाजारदर. दुसरा 'फ्लोअर': राखीव निधी मुबलक, बाजारदर तळाला टेकलेला. मग तुमच्या प्रश्नातला देश आणि वर्ष बघून ठरवा की कोणता आलेख लागू होतो. २००७ च्या अमेरिकेला आणि २०१५ च्या अमेरिकेला एकच आलेख लावणं ही मी सर्वाधिक वेळा तपासलेली चूक आहे.

तपासणी. 'राखीव निधी वाढलेला असतानाही व्याजदर वाढू शकतो का?' याचं उत्तर तीन वाक्यांत द्या.

## पायरी ५ : मॉडेल

आता मॉडेलला हात घाला. आधी लवचिक किमतींचं मॉडेल करा, जिथे पैसा वास्तव उत्पादनावर परिणाम करत नाही. ते कंटाळवाणं वाटतं आणि म्हणून गाळलं जातं. पण किमती ताठर आहेत हे गृहीतक नेमकं काय काम करतं, हे ते नसतानाचं चित्र पाहिल्याशिवाय दिसत नाही.

नंतर तीन समीकरणांचं नव-केन्शियन मॉडेल, जिथे किमती ताठर असतात. समीकरणं लिहिण्याआधी तिन्ही मराठीत सांगा. पहिलं: आजची मागणी उद्याच्या अपेक्षित मागणीवर आणि वास्तव दर तटस्थ दरापेक्षा (मागणीला ना चालना ना आवर घालणाऱ्या दरापेक्षा) किती वर आहे यावर अवलंबून. दुसरं: आजची भाववाढ उद्याच्या अपेक्षित भाववाढीवर आणि उत्पादन तफावतीवर (प्रत्यक्ष उत्पादन क्षमतेपेक्षा किती वर-खाली आहे यावर) अवलंबून. तिसरं: मध्यवर्ती बँक दर कसा ठरवते त्याचा नियम.

इथे दर वर्षी कोणीतरी विचारतं, "सर, यात पैसा कुठे गेला?" प्रश्न चांगला आहे. बँक दर ठरवते आणि त्या दराला जितका पैसा मागितला जाईल तितका पुरवते; पैशाच्या मागणीचं चौथं समीकरण जोडलं तर किती ते कळेल, पण बाकीच्या तिघांना त्याची गरज पडत नाही. पहिली आणि चौथी पायरी झालेल्याला हे पटतं. न झालेल्याला वाटतं, मौद्रिक अर्थशास्त्रातून पैसाच पळवला.

नियमासाठी जॉन टेलर यांचं १९९३ चं सूत्र आकडे घालून सोडवा. तटस्थ वास्तव दर २, लक्ष्य २, भाववाढ ४, उत्पादन तफावत १. दर = २ + ४ + ०.५ × (४ − २) + ०.५ × १ = ७.५. यात भाववाढ दोनदा येते हे लक्षात घ्या: एकदा पूर्ण, एकदा अर्धी. म्हणून भाववाढीचा गुणांक ०.५ नाही, १.५ आहे. आता तो १.५ च्या जागी ०.८ करून बघा. भाववाढ १ ने चढली, नाममात्र दर ०.८ ने चढला, वास्तव दर ०.२ ने *उतरला*. बँकेने दर वाढवूनही कर्ज स्वस्त झालं, मागणी वाढली, भाववाढ आणखी चढली. गुणांक १ पेक्षा जास्त का हवा, याचं उत्तर एवढ्यात संपतं.

> सावधान : वर्ष की तिमाही? हे मी स्वतः भोगलंय. संगणकावर मॉडेल चालवताना कालावधी बहुधा तिमाही असतो. सवलत गुणक (पुढच्या कालावधीतल्या एका रुपयाला आज दिलेलं वजन) ०.९९ म्हणजे तिमाहीला सुमारे १ टक्का, वर्षाला ४. टेलरच्या सूत्रातले दर मात्र वार्षिक आहेत. तिमाही मॉडेलमध्ये तफावतीचा ०.५ हा गुणांक चारने भागून ०.१२५ करावा लागतो, भाववाढीचा १.५ तसाच राहतो, कारण तिथे दोन्ही बाजू तिमाही होतात. मी ०.५ तसाच ठेवला आणि दहा दिवस आकडे का जुळत नाहीत म्हणून कोडमधले स्वल्पविराम तपासत बसलो.

या पायरीत आणखी एक जुना प्रश्न नक्की करा: विल्यम पूल यांचा १९७० चा. धक्के पैशाच्या मागणीतून येत असतील तर दर स्थिर ठेवा. वस्तूंच्या मागणीतून येत असतील तर पैशाचं प्रमाण स्थिर ठेवा. दोन आलेखांत मावतं, पण ते काढताना धक्का कोणत्या रेषेला बसला आणि बँकेने कोणती रेषा हलवली हे वेगळं ठेवण्याची सवय लागते.

## पायरी ६ : विश्वासार्हता

किडलंड आणि प्रेस्कॉट यांचा १९७७ चा मुद्दा एका वाक्यात सांगता यायला हवा: आज दिलेलं वचन उद्या मोडणंच सोयीचं ठरणार असेल, तर लोक ते आजच खरं मानत नाहीत. न्यूझीलंडचा १९८९ चा कायदा, बँक ऑफ इंग्लंडला १९९७ मध्ये मिळालेली दर ठरवण्याची मुभा, भारतात २०१६ च्या दुरुस्तीने आलेलं ४ टक्क्यांचं लक्ष्य आणि २ टक्क्यांची दोन्हीकडची मर्यादा, हे सगळं या वाक्याच्या उजेडात वाचा.

इथली ठरलेली चूक: 'अपेक्षा विवेकी असतील तर भाववाढ विनाकष्ट उतरते' असं लिहून मोकळं होणं. अमेरिकेत ग्राहक किमतींची वार्षिक वाढ मार्च १९८० मध्ये १४.८ टक्के होती, १९८३ मध्ये ती सुमारे ३ वर आली. पण १९८२ अखेर बेरोजगारी १०.८ टक्क्यांवर गेली होती. एवढी किंमत का पडली? किमती ताठर होत्या म्हणून, की बँकेवर सुरुवातीला विश्वास नव्हता म्हणून? दोन्ही बाजूंनी अर्धं अर्धं पान लिहून बघा.

## पायरी ७ : आकडेवारी

पहिला सापळा, व्याख्या. अमेरिकेच्या एम-वनचा (लगेच खर्चता येणाऱ्या पैशाच्या मापाचा) आलेख काढा. मे २०२० मध्ये तो एका महिन्यात तिपटीहून वर उडी मारतो. नोटा छापल्याचा हा पुरावा म्हणून अनेकांनी तो नाचवला. प्रत्यक्षात बचत खात्यांवरची मर्यादा उठल्याने ती खाती एम-टूमधून एम-वनमध्येही मोजली जाऊ लागली. एम-टूत ती आधीपासूनच होती, म्हणून तिथे तशी उडी नाही. कोणतीही मालिका उतरवण्याआधी तिची टीप वाचा.

दुसरा, सुधारित आकडे. आज दिसणारी १९७० च्या दशकातली उत्पादन तफावत तेव्हाच्या धोरणकर्त्यांना दिसत नव्हती. त्यांच्या हातातले अंदाज नंतर बरेच बदलले. 'त्यांनी टेलरचा नियम पाळला नाही' असा ठपका ठेवण्याआधी, त्या दिवशी त्यांच्यापुढे कोणते आकडे होते ते विचारा.

तिसरा सगळ्यात खोल आहे. व्याजदर आणि भाववाढ यांचा विखुरलेल्या ठिपक्यांचा आलेख काढलात तर दर जास्त तिथे भाववाढ जास्त, असं दिसेल. मग दर वाढवल्याने महागाई वाढते? बँकेने दर वाढवला तोच भाववाढ येताना दिसली म्हणून. कारण आणि परिणाम एकाच ठिपक्यात मिसळले आहेत. याची दुसरी बाजू आणखी फसवी आहे. बँकेने आपलं काम अगदी अचूक केलं, तर भाववाढ लक्ष्यावर स्थिर राहील, दर मात्र वरखाली होत राहील आणि दोघांचा सहसंबंध शून्य येईल. त्यावरून 'धोरणाचा काही परिणामच नाही' असा निष्कर्ष काढणारा प्रकल्प अहवाल मी वाचलेला आहे, छान बांधलेला.

म्हणून अर्थमितीत दराच्या बदलातला *अनपेक्षित* भाग वेगळा काढतात: बैठकीच्या आसपासच्या काही मिनिटांत बाजारदर किती हलले ते मोजून, किंवा बँकेच्या स्वतःच्या अंदाजांनी समजावता न येणारा बदल घेऊन. प्रकल्पात हे सगळं करणं जमणार नाही. जमणार नसेल तर 'परिणाम' हा शब्द वापरू नका, 'संबंध' लिहा.

## पायरी ८ : एक निर्णय शेवटपर्यंत वाचा

दहा बातम्या वाचण्यापेक्षा एका बैठकीचं निवेदन, इतिवृत्त आणि सोबतचे अंदाज वाचा. फेडरल रिझर्व्हचं इतिवृत्त तीन आठवड्यांनी येतं, पूर्ण शब्दांकन पाच वर्षांनी. बँक ऑफ इंग्लंड निर्णयासोबतच इतिवृत्त देते. रिझर्व्ह बँकेच्या समितीचं चौदाव्या दिवशी येतं आणि त्यात प्रत्येक सदस्याचं मत स्वतंत्र असतं. विरोधी मत देणाऱ्याचं निवेदन आधी वाचा. वाद कुठे होता ते तिथेच कळतं.

सरावासाठी एक प्रसंग देतो. बँक ऑफ इंग्लंडने २२ सप्टेंबर २०२२ ला दर २.२५ टक्के केला. भाववाढ १० टक्क्यांच्या आसपास होती. सहाच दिवसांनी तिने दीर्घ मुदतीचे सरकारी रोखे *विकत घ्यायला* सुरुवात केली, १४ ऑक्टोबरला थांबवली आणि ३ नोव्हेंबरला दर ३ टक्क्यांवर नेला. एका हाताने आवळणं आणि दुसऱ्या हाताने सैल सोडणं का? पेन्शन फंडांची चौकट काढा, त्यांच्यावर तारणासाठी पडलेला तगादा दाखवा, रोख्यांची किंमत पडल्यावर त्यांना आणखी रोखे का विकावे लागले ते बाण काढून जोडा. भाववाढीसाठीचं धोरण आणि वित्तीय स्थैर्यासाठीचा हस्तक्षेप एकाच ताळेबंदावर कसे वेगळे दिसतात, ते कागदावर उतरेल. ही पायरी एकट्याने करू नका. दोघंतिघं बसा आणि एकाने फक्त शंका काढायच्या.

## पायरी ९ : उत्तर लिहिताना

प्रश्न वाचल्यावर लिहायला लागण्याआधी समासात पाच गोष्टी टिपा: कोणता व्याजदर, नाममात्र की वास्तव, धक्का कोणाच्या चौकटीत सुरू झाला, किमती ताठर की लवचिक, लोकांना ही घोषणा आधीपासून अपेक्षित होती का. यातली एक गोष्ट प्रश्नात दिलेली नसेल तर गृहीत धरा आणि गृहीत धरलं असं लिहा. त्याचे गुण मिळतात.

आलेख काढलात तर प्रत्येक अक्षाला नाव द्या आणि रेषा *सरकली* की रेषेवरून *चालली* ते शब्दात लिहा. साखळी लिहिताना बाणांची रांग देऊन सोडू नका. 'दर वाढला → गुंतवणूक घटली' यात मधला दुवा वास्तव दराचा आहे आणि तो अपेक्षांवर टेकलेला आहे. परीक्षक नेमका तोच दुवा शोधत असतो. वेळ कमी पडला तर प्रस्तावना कापा, दुवा कापू नका. आणि उत्तरात 'पैसा' हा शब्द जिथे जिथे आला असेल, तिथे शेवटच्या पाच मिनिटांत एकदा मागे जाऊन तो संपत्ती किंवा उत्पन्न या अर्थाने तर आलेला नाही ना, ते बघा.